आज फोन करायचा नसतो

डॉरेल : ...फोन वाजला नि काळजाचं पाणी झालं माझ्या. आज फोन करायचा नसतो, आई.

आई : का नसतो?

डॉरेल : आज शेवटची यादी. ज्याला काढलं त्यालाच ऑफिसातून फोन येतो. ठेवलं त्याला कुणी काही सांगत नाही. चारपर्यंत फोन गप्प राहिला, की आपण संघात.

आई : मग बरंय की. मी बोलतच बसते. लागूच देत नाही त्यांना.

डॉरेल : फोन नाही लागला तर दार ठोठावायला माणूस पाठवतात.

आई : नको घेऊस आत. तू दीडशे किलोचा, तो असून असून केवढा असेल? जेवलास का?

डॉरेल : नाही अजून. सकाळपासून नऊ जण गेले. रुझेकसुद्धा.

आई : तुला शिकवायचा तो म्हातारा?

डॉरेल : तेहतीस वर्षांचा आहे गं तो.

आई : तुमच्या धंद्यात म्हाताराच.

डॉरेल : कॉलेजच्या फुटबॉलमध्ये मी पाच वर्षं चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू राखायचो, अंगावर येणाऱ्यांना अडवत. इथे म्हणाले, उजवीकडे उभा राहा. पाय उलटे, हात उलटे, सगळंच उलटं. ती जागा रुझेकची, आणि तोच सराव संपल्यावर माझ्यासाठी थांबायचा. माझ्या दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू द्यायचा, समोरच्याची जर्सी धरायची खोड मोडावी म्हणून.

आई : ईस्टरला आलास तेव्हा भांडीसुद्धा उजवा पाय मागे घेऊन विसळत होतास. ओडेसा मावशी मला म्हणाली, पोराची कंबर धरली का गं?

डॉरेल : आज जाताना रुझेक माझ्या दारात थांबला.

आई : काही मनाला लागेल असं बोलला?

डॉरेल : नाही. म्हणाला, तुझं उजवं पाऊल अजून घाईनं पडतं.

आई : चांगल्या घरचा दिसतो.

डॉरेल : मला ठेवलं, तर ती त्याची जागा असेल, आई.

आई : मग नीट उभा राहा तिथे. वर्षभर नुसता सराव केलास, एक सामना वाट्याला आला नाही, पण कुरकुरला नाहीस कधी. चर्चमध्ये मला विचारतात, डॉरेल काय करतो? मी म्हणते, शिकतोय. म्हणतात, अजून? मी म्हणते, हो, अजून. आणि मान वर करून म्हणते. बरं, तासभर आहे हाताशी. बोलत राहा, मी मक्याचा पाव ओव्हनमध्ये ठेवते.

डॉरेल : तासभर कुठला?

आई : तीन वाजून पाच झालेत.

डॉरेल : तुमच्या मिसिसिपीत. इथलं घड्याळ तासानं पुढे असतं.

आई : म्हणजे?

डॉरेल : म्हणजे... चार वाजून गेले, आई.

आई : दाराशी जाऊन बघ.

डॉरेल : बघतोय. जिन्यात कुणी नाही.

आई : खालीही वाकून बघ.

डॉरेल : कुणीच नाही गं.

आई : थांब हं. जरा डोळे पुसते.

डॉरेल : रविवारी टीव्ही लावशील ना? पण मी पटकन सापडणार नाही. कॅमेरा चेंडूमागे पळतो. तू चेंडू बघू नकोस. मधल्या भिडूच्या उजव्या हाताला दुसरा, तो मी.

आई : तू आठवीत खेळायला लागलास ना, लेकरा, तेव्हापासून मी चेंडू बघितलेलाच नाही.