पाच माणसांची हवा

आटपाडीला पंक्चरच्या दुकानात थांबलो होतो. माझ्या पुढं एक म्हातारे गृहस्थ मोटार घेऊन आलेले.

“आवं नाथाजीमामा, टायर मधनंच झिजलंय. हवा किती भरताय?” पंक्चरवाल्यानं विचारलं.

“गाडीच्या दारावर लिवलीया तेवढी. पस्तीस.”

“ती पाच माणसांची हवा. गाडीत कोण कोण असतंय?”

“मी, पोरगं, सून, दोन नातवंडं.”

“रोज?”

“न्हाई. दिवाळीला आलती.”

“आन एरवी?”

“ही गेल्यापासनं मीच.”

“मग तीस भरतो. जादा हवेनं गाडी लय उडती, ब्रेक मारला की घसरती.”

“तीस म्हंजी एकट्याची व्हय?”

“एकट्याची आन दोघांची सारखीच असती, मामा.”

“मग दोघांची म्हण की रं.”