बलविंदरचं पान

नाही, हसू नका, मी गंमत करत नाही — मला खरंच किळस येते. खालच्यांनी आपल्याला गच्चीवर कशाला पाठवलं, तर 'दोघांना जरा बोलू द्या' म्हणून, आणि तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात? शिक्षण नाही, स्वयंपाक नाही — विमानांच्या लढाईचे सिनेमे आवडतात का! आणि वर स्वतःच्या आवडीचे सात-आठ घडाघडा म्हणून दाखवलेत, पाढे म्हटल्यासारखे. एका अर्थी बरंच झालं म्हणा, त्या फोटोचा उलगडा झाला. — कुठला म्हणजे? तुमच्या आईनं पाठवलेला. म्हसाच्या जत्रेत काढलेला, पुठ्ठ्याच्या विमानात बसून, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात मफलर — आणि विमानाच्या पोटाखालून तुमच्या चपला दिसतायत. लग्नाच्या स्थळासाठी असा फोटो पाठवतात? आमच्या शकूआत्यानं तो हातात घेतला आणि म्हणाली, "पोरगा इमानात बसतो गो, आपल्या संदेशसारका." झालं. त्या एका फोटोवर तुम्ही अर्धे पसंत झालात. म्हणून सरळ सांगते — तुम्ही खाली जाऊन नाही म्हणा. मुलीला म्हणता येत नाही ना. मी नाही म्हटलं तर बी.ए. केल्यानं डोकं फिरलं म्हणतील. तुमचं काय जातंय? मुलगी जरा फाटक्या तोंडाची आहे म्हणा, खोटंही होणार नाही.

बसा, उन्हात उभे राहू नका, त्या टाकीच्या सावलीत बसा. कारण हवंय? देते की. मी हे सिनेमे पाहिले नाहीत असं वाटतं का तुम्हाला? सगळे पाहिलेत. दादानं आणि मी मिळून, भाड्याचा व्हीसीआर आणून, एकेक दोन-दोनदा. आणि म्हणूनच सांगते, इतकी खोटी वस्तू जगात दुसरी नाही. ही दोन विमानं आवाजाच्या वेगानं उडतायत, आणि आतले दोघं एकमेकांना डायलॉग मारतायत — बांधावरून भांडल्यासारखे! याचे दात त्याला दिसतात, त्याची मिशी याला दिसते. उडालं ते विमान एका शेपटीचं, उतरलं ते दोन शेपट्यांचं. बॉम्ब पडतो तो डोंगर तीन वेळा तोच, झाड तेच, ढगसुद्धा तोच. — बरं, तेवढं सोडा, पैसे नसतील त्यांच्याकडे. पण बॉम्ब पडल्यावर कॅमेरा कुठं जातो? वर! विमानाबरोबर वर, ढगात, आणि गाणं सुरू. खाली काय होतं हो? गवत होतं? गुरं होती? कुणाची चूल होती? कधी वाटलं तुम्हाला, जरा खाली उतरून बघावं? नाही वाटलं. शिट्टी मारली असणार तुम्ही. आणि ती हिरॉईन — कुंपणाला धरून उभी, ओढणी उडतेय, तिला आख्ख्या सिनेमात काम काय, तर वर बघायचं. मान कशी अवघडत नाही बाईची!

आणि सगळ्यात मोठं खोटं सांगू? या सिनेमांत विमान असतं आणि वैमानिक असतो. बस. जसं काही हे विमान रानात आपोआप उगवतं. विमान उतरलं की त्याची चाकं इतकी तापलेली असतात, माहीत आहे, की बाजूनं जवळ जायचं नसतं — फुटलं तर माणूस जागेवर जाईल — पुढून जायचं, नाहीतर मागून, थांबून थांबून. ते चाक काढणारा, बदलणारा माणूस एका तरी सिनेमात दाखवलाय? एका तरी? आमच्या दादाच्या हाताला आता बोटांचे ठसे उरलेत की नाही शंका आहे, इतकी चाकं त्यानं —

कोण म्हणजे? दादा. माझा एकच दादा आहे. संदेश. — हो, एअरफोर्समधलाच.

पायलट नाही तो.

असे बघू नका. बोलून गेले तर गेले, कधीतरी बोलायचंच होतं. चाकं आणि ब्रेक बघतो तो विमानांचे. बारावीनंतर परीक्षा दिली, पास झाला, बेळगावला ट्रेनिंग केलं, स्वतःच्या हिमतीवर. त्यात कमीपणा काय आहे? काही नाही! तोच म्हणायचा, नमू, वर जाणारा माझ्या चाकावर खाली येतो. केवढ्या मानानं सांगायचा सुरुवातीला. पण बाबांनी धसईच्या बाजारात सांगितलं, पोरगा एअरफोर्समध्ये लागला, तर भाताच्या व्यापाऱ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळे म्हणाले, 'काय सांगता, पायलट?' — आणि बाबा नाही म्हणाले नाहीत. एवढंच. खोटं असं बोललेच नाहीत ते, नुसते हसले. मी भांडले त्यांच्याशी, तर म्हणाले, "लोकाना आता काय चाक समजवत बसू? एअरफोर्स म्हंजे इमानच ना?" तेव्हापासून आमच्या घरात सगळं त्या विमानावर चाललंय. तुमचं स्थळसुद्धा. तुमच्या मातोश्री मघाशी काय म्हणाल्या ऐकलंत ना? 'लग्नात भावानं युनिफॉर्म घालून मांडवाच्या दारात उभं राहायचं हं, आमच्याकडचे सगळे फोटो काढणार आहेत.' आणि बाबा म्हणाले, राहील की! परवा त्यांच्या निरोपातही हेच होतं, तेव्हाच मी दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, नमू, मग मी लग्नाला येत नाही. सख्खा भाऊ, आणि लग्नाला येत नाही. — आता कळलं, तुम्ही नाही का म्हणायचं ते?

नाही, पाणी नको मला. राग आला की माझे डोळे असे होतात, त्याकडे लक्ष देऊ नका.

तो असा नव्हता हो. त्या सत्कारानं घात केला. कारगिलच्या वर्षी, लढाई संपल्यावर — दादा रजेवर आला, आणि धाऊकाकांनी, हे आमच्या शेजारचे, सगळ्या मंडळांत पुढे पुढे करतात ते, त्यांनी शाळेच्या मैदानात सत्कार ठेवला. लढाईच्या वेळी दादा कुठं होता? बंगळूरला! तिथून डोंगर काय, बर्फाचा खडासुद्धा दिसत नाही. पण बॅनरवर काय, 'धसईचा ढाण्या वाघ'. तो नको नको म्हणत होता. बाबांनी युनिफॉर्म घालायला लावला. पायलटच्या छातीवर पंख असतात, त्याच्या छातीवर नव्हते, पण धसईत ते बघणार कोण? हार घातले, नारळ दिला, आणि धाऊकाकांनी माईक त्याच्या हातात दिला — "सांग रं, किती बाम टाकलंस?" पोरं ओरडतायत, बाबा खुर्चीत ताठ बसलेत, आई पहिल्या रांगेत पदर सावरून. मी मनात म्हणत होते, सांग दादा, आता सांग. मी चाकं बदलतो, सांग. त्यानं एकदा बाबांकडे बघितलं. आणि मग बोलायला लागला.

काय बोलला? सिनेमा बोलला. आख्खाच्या आख्खा शेवटचा प्रसंग. आम्ही दोघांनी याच घरात खालच्या खोलीत बसून पाहिलेला. पेट्रोल संपत आलंय, मागं शत्रूची तीन विमानं, आणि दोस्ताचं विमान पेटलंय — दोस्ताचं नाव बलविंदर, तेसुद्धा बदललं नाही त्यानं! — आणि तो बलविंदर स्वतःचं पेटलेलं विमान मधे घालतो आणि याला वाचवतो आणि मरतो. आख्खं मैदान रडत होतं. धाऊकाका रडत होते. दादासुद्धा रडत होता, पण तो वेगळं रडत होता, ते फक्त मला कळलं. टाळ्या थांबेनात.

आणि पुढचं ऐका. माझी आई — तिच्याइतकी साधी बाई नसेल — तिनं त्या वर्षीपासून सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायला सुरुवात केली. आजोबांचं, आजीचं, माझ्या वारलेल्या काकांचं, आणि चौथं बलविंदरचं. इथंच, या कठड्यावर ठेवते. त्याच्या पानावर भाकरी नसते, चपाती असते, तूप लावून — पंजाबी होता ना! म्हणते, "त्याच्या आईनं एक पोर दिला तवा माजा पोर राहिला, मी एक घास नको देऊ?" गेल्या महिन्यातसुद्धा ठेवलं. आणि कावळा, मेला, सगळ्यांत आधी त्याच्याच पानाला शिवतो! आई हात जोडते. सिनेमातल्या माणसाला, जो तेव्हा मुंबईत कुठंतरी मेकअप पुसून जेवत असेल, त्याला माझी आई पितरांत बसवून हात जोडते. आता सांगा, आवडतात का म्हणे विमानांचे सिनेमे!

सत्काराच्या रात्रीच मी दादाला जे बोलायचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी तो रजा अर्धी टाकून गेला. तीन वर्षं झाली, आला नाही. आई समजते कामाचा ताण आहे. बाबा समजतात तो मोठा झाला. मी खरं बोलले त्यात माझं काय चुकलं? काही चुकलं नाही. फक्त — घरात आता भांडायला कुणी नाही. त्याच्याबरोबर सिनेमा बघताना मी चुका मोजायचे आणि तो उशी फेकून मारायचा. असो.

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. मरताना बलविंदर रेडिओवर म्हणतो ते. 'तू पुढं निघ —'

काय म्हणालात?

हो. 'माझ्या धुरात लप.' बरोबर. तुम्ही पाहिलाच असणार, तुमचं काय, पाठच असणार. — थांबा. थांबा एक मिनिट. सिनेमात ते हिंदीत आहे. धुरात लप हे दादानं केलेलं मराठी. ते तुम्ही कुठं ऐकलंत?

तुम्ही होतात तिथं? — कॅमेरा? तो मोठा लाइट खांद्यावर घेऊन शूटिंग करणारा, तो तुम्ही? मुरबाडला केबल चालवता एवढंच सांगितलं होतं आम्हाला. म्हणजे तुम्ही ऐकलंत, आणि तुम्हाला तिथल्या तिथं कळलं हे कुठलं आहे ते. तुम्हाला कळणारच. मग उघड का नाही केलंत? हसलात? नाही? — काय कापलंत?

हो, आठवतंय. केबलवर दाखवलं तेव्हा हार झाले आणि एकदम धाऊकाकांचे आभार. बाबा किती चिडले होते, "केबलवाल्यानं पोराचं भाषनच खाल्लं." ते तुम्ही मुद्दाम? केबलवर तो सिनेमा आदल्याच आठवड्यात लागला होता, मुरबाडच्या लोकांनी ओळखलं असतं, म्हणून? — आणि हे सगळं ठाऊक असून तुम्ही आज इथं आलात. तुमच्या आईला वाटतंय पायलटची बहीण, आणि तुम्हाला ठाऊक आहे. मग का आलात?

कॅसेट कापताना? मी? काय करत होते मी?

टाळ्या वाजवत नव्हते. आख्ख्या मैदानात एकटीच. — शी. म्हणजे तुम्ही मला सिनेमात बघून पसंत केलंत.

नाही, बोलू नका. चांगलं वागलात असं वाटत असेल तुम्हाला. मला नाही वाटत. झाकलंतच ना तुम्हीही? बाबा हसून झाकतात, तुम्ही कात्रीनं झाकलंत, फरक काय? — आहे थोडा. थोडासा आहे. पण त्यानं दादा घरी येत नाही.

आले गो आत्या, आले, दोन मिनिटं!

ऐका. आता खाली गेलो की तुमची आई युनिफॉर्मचा विषय काढणार आणि बाबा विमानाचा. तेव्हा मी सांगणार आहे. सगळं, चाकापासून बलविंदरपर्यंत, आईच्या समोर. तिला काय वाटेल ते मला बघवणार नाही, पण दादाला या घरात पाऊल टाकायचं असेल तर कुणीतरी सांगायला हवं, आणि कुणी सांगत नाही. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, ते तुमचं तुम्ही मागाहून बघा. मला तुमची मदत नको. मी बोलत असताना फक्त खोकू नका, पाणी मागू नका, विषय बदलू नका. मधे काही कापायचं नाही.

मान काय डोलावताय? उठा.