पुरस्कार तिला, पाली मला

...नाही, अभिमान आहेच हो! कोण नाही म्हणतंय? जगातला एवढा मोठा विज्ञानाचा पुरस्कार बायकोला मिळाल्यावर अभिमान नाही म्हणायची माझी काय छाती आहे? पण तुम्हीच सांगा, पुरस्कार तिला मिळाला, ठीक. पाली कोणी सोसल्या?

हो, पाली. भिंतीवरच्या. पाल आपली जागा कशी ओळखते, हा आमच्या हिचा विषय, आणि प्रयोगशाळा कुठली, तर आमचं घर! लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, माझ्या दाढीच्या आरशामागे खरीखुरी! भिंतभर हिच्या पेन्सिलीच्या खुणा, म्हणून लग्नापासून घराला रंग नाही. जरा तक्रार केली की, "अहो, ती तुम्हाला काय करतेय?" काय करतेय! बघतेय माझ्याकडे! कचेरीत मी जन्मात कधी साहेबाच्या नजरेला नजर भिडवली नाही, तिथे पालीची काय कथा?

तरी वचन होतं. "मी रिटायर झाले की पाली बाहेर, रंग आत." झाली रिटायर. मी रंगारी बोलावला. त्याने बादलीत ब्रश बुडवला आणि तुम्हाला सांगतो, फोन वाजला! परदेशातून. "अहो, मिळाला!" ही ओरडली, आणि त्याच श्वासात रंगाऱ्याला म्हणते, "दादा, भिंतीला हात लावू नका, फोटो काढायला येतील." तो ब्रश झटकत मला म्हणतो, "काका, मग मी पुढच्या वर्षी येऊ?" अरे, मला काय विचारतोस बाबा? या घरात आधी पालींना विचारतात!

मग तो समारंभ. उसना कोट, गळ्याला फास लावावा तसा बो टाय, पहिल्या रांगेत मी. मनाशी म्हटलं, एवढं आटपू दे, परत गेलो की रंग! हिने पदक घेतलं, भाषणाला उभी राहिली. "याचं श्रेय माझ्या यजमानांना. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही पालीवर झाडू उगारला नाही. मुक्या जिवांवर इतकी माया मी पाहिली नाही." माया? अहो, झाडू उगारायला जवळ जावं लागतं! पण अख्खं सभागृह उभं, टाळ्या थांबेनात, हिच्या डोळ्यांत पाणी... आता तिथे उठून सांगू, की बाई गं, ती भीती होती? हात जोडले झालं. मीही उसन्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले, खोटं कशाला बोलू... पण तरी, पाली कोणी सोसल्या?

आता रंगाऱ्याला कोणत्या तोंडाने बोलावू? भाषण पेपरात छापून आलंय! काल शेजारच्या वहिनी दारात. हातात डबा, झाकणाला भोकं. "भाऊजी, आमच्या स्वयंपाकघरात सापडली हो. आमचे हे चप्पल घेऊन मारायला निघालेच होते. म्हटलं, थांबा, ज्यांना माया आहे त्यांनाच देऊ या."

काय करणार... घेतला डबा. दोन्ही हातांनी, मान लववून. पुरस्कार म्हटला की मिळेल तो घ्यावाच लागतो!