अस्तरातलं नाव

डिंभ्याची गाडी कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. घोडेगावच्या स्टँडवर ठकूबाई नातीच्या लग्नात द्यायचा हंडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक बाई होती, आणि पुण्याहून परत आलेली तिची लेक.

“घागरा तूच कागदावर काढलास, तूच शिवलास. मग दुकानाच्या मॅडमनी तुला कामावरून घालवलं कशापायी?”

“अस्तराला आतून माझं नाव भरलं व्हतं, आई. ‘हर्षाली’ म्हणून. लई बारीक, कुणाला दिसायचं पण नाय.”

“अगं, आपण लग्नात साधी वाटी दिली तरी तिच्यावर नाव घालतो!”

ठकूबाईंचा हात हंड्यावर कोरलेल्या नावावरून फिरला.

“तिथं फक्त मॅडमचं नाव चालतं. शिवणारीचं नाय.”

“मग आता?”

“सकाळी फोन आला व्हता. माफी लिहून दे, नाव उसव, मग कामावर ये म्हणाल्या. न्हाईतर दुसरीकडं कुठं उभं राहू देणार नाय.”

“मग उसव की. दोराच तर हाय.”

“दोरा निघतो गं. रेशमाला सुईची भोकं राहत्यात.”

“ती कशानं झाकायची?”

“मॅडमच्या नावानं. त्याच भोकांवर मलाच भरायचंय.”

पुण्याची गाडी लागली. लेक पिशवी उचलून उठली. आई तशीच बसून राहिली.

“हर्षे.”

“काय?”

“सुई बारीक घे. खालची तुझी भोकं बुजाया नकोत.”