उजवा कौल

नाव: इरावती सिद्धेश घाडीगावकर, वय ३१ वर्षे, धंदा: नोकरी (औषध दुकान), राहणार टेंभीपाडा, भांडुप पश्चिम.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर पती सिद्धेश, सासू विमला व मुलगी ऋतिका, वय ७, यांच्यासह राहते. 'सुनेने माझा नातू पाडला' अशी तक्रार सासूबाईंनी दिली आहे. गर्भपात मी केला हे खरे आहे. दि. ११ रोजी सरकारमान्य रुग्णालयात, स्वतः सही करून केला.

यापूर्वी २०२१ व २०२३ साली मला दिवस गेले असता पती व सासूबाईंनी मला मुलुंडला, पाटी नसलेल्या एका खोलीत नेले. तेथील इसमाने पोटावर मशीन फिरवून मुलगी असल्याचे सांगितले. दोन्ही वेळा पतीने गोळ्या आणल्या. त्या आमच्या दुकानात चिठ्ठीशिवाय देत नाहीत. दुसऱ्या वेळी घरी पाहुणे होते. मी आत असताना सासूबाईंनी न्हाणीला बाहेरून कडी घातली व पाहुण्यांना चहा दिला. नंतर न्हाणी मी धुतली.

यंदा त्याच इसमाने मुलगा सांगितला. सासूबाईंनी चाळीत पेढे वाटले. मला प्रथमच खाटेवर झोपायला दिले. ऋतिकाला मांडीवर घेऊन हसत म्हणाल्या, "तुझ्या पाठच्या दोघी गेल्या. तू वाचलंस गो."

ऋतिकाने मला विचारले, "आई, दोघी कुठे गेल्या?" मी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेले. या घरात माझ्या पोटी आणखी कोणी यावे असे मला वाटत नाही. पतीस कळल्यावर ते म्हणाले, "वेड लागलंय का तुला? या वेळी तर सगळं नीट झालं होतं ना!"

आज ठाण्यात उपनिरीक्षक मॅडमनी सासूबाईंना विचारले, "आजी, नातूच होता हे तुम्हाला कसं कळलं?" पती म्हणाले, "आये, गप रव." सासूबाईंनी सांगितले, "देवान सांगल्यान. गावाक कौल लावलेलो, उजवो पडलो."

आमच्या गावी गुरव देवाच्या मूर्तीला फुले लावून प्रश्न विचारतो. उजवीकडचे फूल पडले की होकार.

याबाबत माझे म्हणणे की, कौल २०२१ व २०२३ सालीही लावला होता. दोन्ही वेळा उजवाच पडला. देवाने दोन्ही वेळा मुलगा सांगितला होता. सासूबाईंनी मशीनचे ऐकले. ती खोली मी दाखवू शकते.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा सासूबाई समोरच्या बाकावर बसून ऐकत होत्या. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.