पुठ्ठ्याची दोन कार्डं

...आणि वर मलाच विचारतात, "एवढं काय होतं त्यात?" अहो, तुम्हाला सांगतो, काही म्हणजे काहीच नव्हतं! दोन ग्राफिक्स कार्डं बसतील असा एक स्वस्तातला मदरबोर्ड हवा होता. बस!

आमच्या सौभाग्यवती कॉम्प्युटरवर घरांची चित्रं करतात, म्हणजे घर अजून कागदावर आणि चित्रात मात्र खिडकीतून ऊनसुद्धा आलेलं! पण एकेक चित्र तयार व्हायला चार-चार तास. सोमवारी गिऱ्हाइकाला तीस चित्रं द्यायची, नाहीतर काम दुसऱ्याला, आणि ही शुक्रवारी सकाळी नखं खात बसलेली. मला राहवलं नाही हो. म्हटलं, "थांब, दोन कार्डं लावतो, वेळ निम्मा!" एक घरात होतं, दुसरं मेहुण्याकडून काढून आणलं. फुकट! राहिलं काय? एक स्वस्तातला मदरबोर्ड!

आता मी शिंपी माणूस. माप घेतल्याशिवाय साधा रुमाल घेत नाही. दोन्ही कार्डांची मापं घेतली, पुठ्ठा कापला, दोन नमुने खिशात आणि निघालो.

पहिला दुकानदार म्हणतो, "बजेट?" मी सांगितलं. "काका, एवढ्यात खोका येईल. बोर्ड आत नसेल." दुसरा म्हणतो, "स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचा, दोन आहेत, पण दुसरा जरा... सावकाश चालतो." अहो, सावकाश चालणारा मी घरात आहेच की! तिसऱ्याकडे मात्र... काय सांगू! दोन स्लॉट, दोन्ही पळणारे, किंमत खिशाला सोसणारी. मी दोन्ही पुठ्ठे उभे लावून पाहिले, फिट्ट! दुकानदार म्हणाला, "माल परत घेत नाही हं." मी म्हटलं, "परत करतोय कोण?"

घरी आलो, पहिलं कार्ड बसवलं, ऐटीत. दुसरं घेतलं... आणि दुसरा स्लॉट दिसेना! पहिल्या कार्डाखाली झाकलेला! ते कार्ड उशीएवढं जाड, वर पंखे तीन. लांबी मापली, रुंदी मापली, जाडी? तीस वर्षं कापड मापतोय, जाडी कोण मापतं?

ही पुठ्ठ्याकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि हसायला लागली की थांबेचना! डोळे पुसत भावाला फोन लावला. "का रे, तुझा कॉम्प्युटर बंद पडला होता का?" तिकडून मेहुणा, तोंडात घास असल्यासारखा, "नाही गं, चांगला चालू होता. दाजी म्हणाले फक्त कार्ड हवं, मी म्हटलं न्या."

तासाभरात मेहुणा कॉम्प्युटर उचलून हजर. त्याचं कार्ड त्याच्यात, आमचं आमच्या जुन्या बोर्डावर, पंधरा चित्रं इकडे, पंधरा तिकडे. सोमवारी गिऱ्हाईक खूश, बायको त्याहून खूश, मला म्हणते, "तुम्ही खटपट केलीत म्हणून सुचलं हो!" आता बोला! आनंदाने मी नुसता हवेत.

नवा बोर्ड? आहे ना, कपाटावर, खोक्यासकट. खरंच स्वस्तात मिळाला हो... आता त्याला लागणारं बाकीचं सगळं सामान स्वस्तात कुठे मिळेल, तेवढं बघतोय. माप घेऊन ठेवलंय. जाडीसकट.