माणिकसरांचा तास मुलुंडला पोचला तेव्हा

अध्यक्षस्थानी असलेले आदरणीय श्यामसुंदर सावंत साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय विश्वस्त, आजच्या सत्कारमूर्ती अनुपमाताई जाधव, त्यांचे यजमान धम्मपालजी, आणि आपल्या घाटकोपर, कांदिवली, मुलुंड या तिन्ही कॉलेजांतून आलेल्या मित्रमैत्रिणींनो, दिशा परबचा सर्वांना नमस्कार.

नेटवर्क विभागातून निवृत्त होणाऱ्या ताईंबद्दल फिजिक्सच्या बाईने काय बोलावं? जेवण थांबलंय, याची मला कल्पना आहे. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय, ती सांगितल्याशिवाय माइक सोडणार नाही.

आपल्या माणिक तावडे सरांना घशाचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशन ठरल्यावर सर म्हणाले, "आदल्या दिवशी एक शेवटचा तास घेतो. तिन्हीकडच्या मुलांना एकदम."

सर घाटकोपरला शिकवणार, बाकीचे पडद्यावर बघणार. त्या दिवशी सकाळी चाचणी घेतली. प्रत्येक वर्गाला वेगळी प्रत पाठवताना लाइन गच्च झाली, चित्र गोठलं. ताई म्हणाल्या, "एकच प्रत सोडू. जिथे ऐकणारे आहेत, तिथे राउटरच तिच्या प्रती काढून देतील." याला मल्टिकास्ट म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पण आपले राउटर आपापल्या आवारापुरतेच शहाणे! घाटकोपरला कोणी बोलतंय, हे मुलुंडला कळवणार कोण? त्यासाठी त्यांना एकमेकांचे पत्ते देऊन आपसात जोडायचं होतं. हेच ते पिअरिंग.

कांदिवली जोडली गेली. मुलुंड काही केल्या जुळेना. मी मुलुंडच्या हॉलमध्ये होते. मुलं ताटकळलेली, पडदा काळा. आमच्याकडचं नेटवर्क बघणारा सौरभ स्पीकरवर टाकलेल्या फोनवर ताईंना ओरडला, "वाट लागली यार... सॉरी, मॅडम!"

"घाबरू नकोस रे," घाटकोपरहून ताई म्हणाल्या. "तुझा राउटर कुठल्या पत्त्यावरून बोलतोय, तेवढं वाच."

त्याने वाचलं.

"अरे, मी इथे त्याचा दुसराच पत्ता घातलाय. ओळख पटणार कशी? माझीच चूक. थांब, बदलते."

आणि पडदा उजळला! सर उभे. एका हातात खडू, दुसऱ्यात कागदाचा बोळा. दोन्ही एकदम सोडून विचारतायत, आधी काय पडलं? आवाज घोगरा, पण स्वच्छ. एक माणूस एकदाच बोलत होता आणि तीन उपनगरांतली मुलं त्याच क्षणी श्वास रोखून ऐकत होती.

तास संपताना सर म्हणाले, "मुलुंडकर, आलं ना रे ऐकू?"

आमचा आवाज उलट जायची सोयच नव्हती. तरी अख्खा हॉल ओरडला, "हो सर!" सौरभचा फोन अजून चालू होता. पडद्यावर ताई पुढे आलेल्या दिसल्या. त्यांनी आपला फोन सरांच्या कानाला लावला. आम्ही पुन्हा ओरडलो. सरांनी डोळे मिटून घेतले, आणि फोन बराच वेळ कानापासून हलवला नाही.

सर आज पहिल्या रांगेत बसलेत. बोलत नाहीत, पण माझ्या चुका हेरतायत, हे दिसतंय.

ताई, तुम्हाला निरामय आयुष्य लाभो. मला बोलू दिलं, याबद्दल आयोजकांची मी ऋणी आहे. राउटरबद्दल काही चुकलं असेल तर ताई कान धरतीलच, बाकी उणंअधिक आपण पोटात घालावं. जयभीम, नमस्कार.